ओटा, ओसरी, माजघर

मे महिना लागला की आमच्या पतसंस्थेत माझा भाव वधारतो. एरवी मी 'कॉम्प्युटरवाले भाऊ'. माझं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नाही. पण जळगावचा पारा ४५ च्या पुढे सरकला, डांबर चपलेला चिकटू लागलं, की संचालकांपासून चहा आणणाऱ्या पोऱ्यापर्यंत सगळे माझी वास्तपुस्त करू लागतात. कारण सर्व्हर रूमची किल्ली माझ्या खिशात असते, आणि आमच्या अख्ख्या इमारतीत चोवीस तास एसी चालतो तो त्याच एका खोलीत.

खोली आठ बाय दहाची. पूर्वी तिथे जुन्या वह्या आणि उंदीर राहत. आता एक लोखंडी रॅक आहे. त्यात दोन सर्व्हर, एक स्विच, एक राउटर आणि तळाशी यूपीएसच्या बॅटऱ्या. दारावर पाटी आहे, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. पाटी मीच लावली. परवानगी द्यायचा अधिकारही माझाच. पण दुपारी दोन वाजता वसुलीहून आलेला माणूस, तोंडाला बांधलेला रुमाल सोडत, लाल डोळ्यांनी "भाऊ, पाचच मिनिटं टेकतो" म्हणाला, तर नाही म्हणायला जे काळीज लागतं ते माझ्या आईवडिलांनी मला दिलेलं नाही. एकदा आत गेलो तर शिपाई नाना रॅकमागे सतरंजी टाकून घोरत होते. उठवल्यावर म्हणाले, "मशीनवर लक्ष ठेवत होतो."

कहर झाला तो एका संचालकांच्या मुलीच्या लग्नात. हळदीच्या दिवशी धुळे शाखेचा फोन आला, "लाइन तुटली, भाऊ." धावत जाऊन बघतो तर स्विचच्या डोक्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेले मोगऱ्याचे दीडशे गजरे. फडक्याचं पाणी निथळत होतं आणि एकेक थेंब धुळ्याच्या केबलच्या तोंडाशी पडत होता. खोलीला मात्र असा सुगंध, की तक्रार करायलाही जीव होईना. धुळे शाखा चाळीस मिनिटं बंद राहिली. मी संतापून संचालकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात लग्नाची पत्रिका ठेवली. मी लग्नाला गेलो, जेवलो. वरमाई वारंवार गजरा सावरत होत्या, आणि मला त्या गजऱ्यात धुळे शाखेची चाळीस मिनिटं दिसत होती.

माझ्या धंद्याचं पहिलं सूत्र आहे, कुणावरही विश्वास ठेवू नका. खान्देशाचं पहिलं सूत्र आहे, या, बसा, पाणी घ्या. या दोन सूत्रांच्या मध्ये माझी खुर्ची आहे.

पासवर्डचंच घ्या. पासवर्ड ही गुप्त ठेवायची गोष्ट आहे हे आमच्या माणसांना मान्य आहे, पण कुणापासून गुप्त, यावर मतभेद आहेत. "आपल्या माणसापासून काय लपवायचं?" असा सवाल येतो, आणि खान्देशात आपला नाही असा माणूस शोधून काढायला बराच वेळ लागतो. कुठे ना कुठे सोयरिक निघतेच. कॅश काउंटरचा पासवर्ड बरीच वर्षं भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली लिहिलेला असे. एका जानेवारीत कॅलेंडर बदललं आणि कॅश काउंटर उघडेना. जुनं कॅलेंडर सापडलं ते कॅशिअरबाईंच्या मुलाच्या भूगोलाच्या वहीला कव्हर म्हणून. वही शाळेत होती. त्या दिवशी आमचे व्यवहार मधल्या सुट्टीनंतर सुरू झाले.

यावर मी फार हसत नाही, कारण मोठ्यांच्या घरीही हेच झालेलं आहे. संगणकाला पासवर्ड लावायची चाल पडली ती १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अमेरिकेतल्या एमआयटीत. एका मोठ्या यंत्रावर अनेकांनी आळीपाळीनं काम करायचं, म्हणून ज्याचं त्याचं कुलूप. १९६६ मध्ये तिथे एका चुकीमुळे दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादीच पडद्यावर दिसू लागली. तेव्हा कालनिर्णय काही एवढं वाईट नाही. ते निदान एकाच भिंतीवर होतं.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा असा हुकूम मीही एकदा काढला होता. सगळ्यांनी तो निष्ठेनं पाळला. 'जळगाव१' चं 'जळगाव२' झालं, मग 'जळगाव३'. पुढे वाचनात आलं, की अमेरिकेच्या ज्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनावरून जगभर हा त्रास चालू होता, तिनंच २०१७ मध्ये सांगून टाकलं, उगाच ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, लांब आणि लक्षात राहील असा ठेवा. मी हुकूम मागे घेतला. त्या दिवशी मला कुणीतरी न मागता चहा पाजला. नोकरीत असा प्रसंग एकदाच आला.

गुरुवारी मी धुळ्याला जातो. १९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. शंभरावर वर्षांनी ते दोन तुकडे एका फायबरच्या तारेनं जोडून ठेवण्याचं काम माझ्या वाट्याला आलं आहे. मध्ये एरंडोल, पारोळा, नव्वदेक किलोमीटरचा महामार्ग, आणि त्या महामार्गाच्या कडेला कायम काहीतरी खणणारे जेसीबी. वर्तमानपत्रांत परदेशी हॅकरांच्या बातम्या येतात. माझ्या अनुभवात खान्देशातला सर्वांत कर्तबगार हॅकर पिवळ्या रंगाचा असतो, त्याला एकच हात असतो आणि तो दुपारी बाभळीखाली सावलीला उभा असतो. तार तुटली की मी एसटीच्या खिडकीतून आधी त्याला शोधतो.

धुळ्याला मात्र माझा धंदा समजावून सांगणं सोपं जातं, कारण ते गाव मुळातच नेटवर्कसारखं आखलेलं आहे. १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं खान्देशाचं ठाणं धुळ्यात आणलं आणि नवी वस्ती सरळ, काटकोनी रस्त्यांची वसवली. म्हणून जुन्या धुळ्यात गल्ल्यांना आकडे आहेत. पाचवी गल्ली कुठे, असं विचारलं तर माणूस चौथीच्या पुढे बोट दाखवतो. कॉम्प्युटरचा पत्ता असाच असतो. आधी गल्लीचा आकडा, मग घराचा. आणि प्रत्येक घराला दारं. पुढचं दार गिऱ्हाइकाला, बाजूचं दूधवाल्याला, मागचं परसात जायला. आमच्या यंत्रांनाही अशी पासष्ट हजारांवर दारं असतात. बहुतेकांना ती आहेत हेच माहीत नसतं. जी लागतात तेवढीच उघडी ठेवायची आणि बाकीच्यांना कडी घालायची, हे सांगायला ज्या यंत्राला लाखभर रुपये पडतात त्याला फायरवॉल म्हणतात.

ती पेटी आमच्याकडे आली त्यामागे पुण्याचा हात आहे. २०१८ च्या ११ ऑगस्टला, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. दरोडेखोर बँकेत आलेच नाहीत. एटीएममधून आलेली मागणी खरी की खोटी हे ठरवणारी जी यंत्रणा असते, तिच्याऐवजी त्यांनी आपली खोटी यंत्रणा मध्ये बसवली. ती प्रत्येक मागणीला हो म्हणत गेली. दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांवर सुमारे ७८ कोटी निघाले, देशातून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, उरलेले १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. पंचांग काढून बघितलं तर तो शनिवार आषाढ अमावास्येचा निघाला. अवसेच्या रात्री खळ्यावर जागं राहावं असं आमची आजी सांगायची. आम्ही ती अंधश्रद्धा म्हणून सोडून दिली होती. चोर पंचांग बघत नसेल, पण सुट्टी नक्की बघतो.

त्या आठवड्यात आमच्या संचालक मंडळाची तातडीची सभा झाली. "आपल्याकडे कोण येणार? आपल्याकडे आहे काय?" असं एक संचालक म्हणाले, आणि ठेवीदारांच्या सभेत हे वाक्य बोलू नका, अशी विनंती त्यांना लगेच करण्यात आली. मग फायरवॉल घ्यायचं ठरलं. पेटी आली, दिवे लुकलुकू लागले. चेअरमनसाहेब पाहुण्यांना खोलीत नेऊन ती दाखवू लागले, "ही आपली फायरवॉल." खंडेनवमीला तिची पूजा झाली. झेंडू वाहिला, नारळ फुटला, कुंकू लावलं. पंख्यानं ते कुंकू आत ओढून घेतलं, आणि पुढे सहा महिने मी उघडीन ते यंत्र आतून सवाष्ण निघायचं. एवढं करून पेटीचा स्वतःचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, 'अॅडमिन'. बसवणाऱ्यानं बदलला नाही आणि त्यानं बदलला असेल असं मी धरून चाललो. पेटीची पूजा सगळ्यांनी केली, तिची कडी कुणीच लावली नाही. हे माझ्या लक्षात आलं आठ महिन्यांनी, एका रात्री, घरी शेवभाजी खाताना. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. मी गाडी काढली, ऑफिस उघडलं, पासवर्ड बदलला आणि परत येऊन गार भाजी खाल्ली. हे आज पहिल्यांदा सांगतो आहे.

त्याच पेटीची नोंदवही मी मग रोज वाचू लागलो. यंत्रं दिवसभर आपली रोजनिशी लिहीत असतात, तिला आम्ही लॉग म्हणतो. आमची धुळे शाखा इतकी आतल्या बोळात आहे, की रिक्षावालाही दोनदा विचारतो. पण त्या रोजनिशीत बघावं तर रात्री दोन ते चार या वेळात जगाच्या कानाकोपऱ्यातून कुणी ना कुणी येऊन आमच्या दाराची कडी हलवून गेलेलं. नावं तीच, 'रूट', 'अॅडमिन', 'टेस्ट'. ती माणसं नसतात. आकड्यांच्या ओळीनं जगातलं प्रत्येक दार ढकलून बघत फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांना धुळे ठाऊक नाही, पतसंस्था ठाऊक नाही. एखादं दार कधी ढकलताच उघडेल, एवढीच त्यांची आशा.

हे मी एकदा धुळ्याच्या आप्पांना सांगितलं. आप्पा तिथले सर्वांत जुने कारकून. कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी हातानं रोजमेळ लिहिणं सोडलं नव्हतं. दिवसभराचा प्रत्येक व्यवहार, निळ्या शाईनं, लाल पुठ्ठ्याच्या वहीत. यावरून त्यांची पुष्कळ थट्टा होई, आणि पुढारीपण माझ्याकडे असे. कडी हलवणाऱ्यांची गोष्ट ऐकून आप्पा म्हणाले, "यात नवं काय शे? मन्हा आजा जागल्या व्हता."

त्यांचं गाव पांझरेकाठचं. पांझरेवर फड पद्धत चालत आली आहे, तीन-चारशे वर्षांची. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि चारीतून शेताशेतात जाणारे बारीक सारंग. पाणी जास्त झालं तर ते सांडमावाटे निघून जातं. बागायतीचे बहुधा चार फड, एका फडात एकच पीक, आणि यंदा कोणत्या फडाला पाणी नि कोणता पडीक, हे गावानं बसून ठरवायचं. पाणी स्वतः उठून कुणी घ्यायचं नाही. ते द्यायला पाटकरी नेमलेला. त्याच्यावर हवालदार. आणि पिकं राखायला जागल्या. मी ऐकत होतो आणि मनात चित्र उमटत होतं. बंधारा म्हणजे आमचा सर्व्हर, पाट म्हणजे महामार्गाकडेची तार, चाऱ्या म्हणजे स्विचमधून निघालेल्या केबली. नेटवर्क सांभाळायची विद्या आपण अमेरिकेतून आणली असं मी समजत होतो, आणि ती माझ्या खिडकीखालून, पांझरेतून वाहत आलेली होती.

"आजा रात्रभर काय करायचे?" मी विचारलं.

"फिरायचे. हातात काठी न् कंदील. सकाळी हवालदार विचारायचा, काय व्हयनं? आजा सांगायचा, काही नही."

"मग?"

"मग काय? काही नही व्हयनं याचंच तर धान्य मिळायचं."

मी गप्प झालो. माझ्या पगारवाढीच्या अर्जावर साहेबांनी तोंडी शेरा मारला होता, "पण वर्षभरात काही झालं तर नाही!" आप्पांचा आजा ज्या गावात राखण करत होता त्या गावाला हिशेब कळत होता.

आप्पांची थट्टा मला भोवली ती एका जूनमध्ये. तेव्हा धुळे शाखेचं काम तिथल्याच मशीनवर चाले आणि रात्री त्याची प्रत जळगावला येई. म्हणजे बॅकअप. रोज सकाळी मी रजिस्टरमध्ये 'बॅकअप आला' असं लिहून खूण करत असे. मृगाच्या पहिल्या वादळात वीज कडाडली, धुळ्याची डिस्क गेली. मी ऐटीत म्हणालो, "काळजी करू नका, प्रत आहे." उघडली. आत काही नव्हतं. जळगावची डिस्क भरून वाहत होती, आणि गेले अकरा आठवडे रोज रात्री फाइलचं नाव तेवढं येऊन पडत होतं, आत शून्य. मी रोज पाकीट मोजत होतो, पाकिटात नोट आहे का हे अकरा आठवड्यांत एकदाही बघितलं नव्हतं.

रात्री नऊला मी धुळ्याला पोचलो. आप्पांनी एक शब्द विचारला नाही. कपाटातून लाल पुठ्ठ्याच्या तीन वह्या काढल्या आणि चष्मा पुसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ते वाचत, मी टाइप करी. चार दिवस चाललं. अकरा आठवड्यांचा हिशेब बसला, फक्त साडेतीन रुपयांचा फरक राहिला. मी म्हटलं, "सोडा आप्पा, साडेतीन रुपये." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. तेराव्या पानावर माझीच चूक निघाली.

पुढे मला कळलं, की ही नजर फक्त आप्पांची नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या वापराच्या बिलात ७५ सेंटचा फरक दिसला. त्यानं तो सोडला नाही. महिनोन् महिने माग काढत तो जर्मनीतल्या हॅनोव्हरला पोचला. तिथला एक माणूस अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून माहिती रशियाच्या हेरखात्याला विकत होता. जळगावच्या डाळबाजारात रोकड जुळल्याशिवाय घरी न जाणारे जे दिवाणजी होऊन गेले, त्यांनी त्या खगोलशास्त्रज्ञाला नक्की आपल्या गादीवर बसवून घेतलं असतं.

खरं तर बॅकअपची गोष्ट धुळ्याला मी सांगावी, हाच विनोद. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला याच गावात गेले, आणि त्यांनी जन्मभर गावोगाव हिंडून जमवलेले कागद राखायला १९२७ मध्ये इथे संशोधन मंडळ उभं राहिलं. इथेच शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतली रामदासी बाडं गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. दासबोध टिकला तो शिष्यांनी हातानं नकला करून त्या वेगवेगळ्या मठांत ठेवल्या म्हणून. एका मठात वाळवी लागली तरी दुसऱ्या मठात पोथी शाबूत. आमच्या धंद्यातला नियम हाच आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. फक्त रामदासी पोथी उघडून वाचत असत. मी उघडून वाचत नव्हतो.

आणि प्रत तारेपासून सुटी हवी, हे घानानं शिकवलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या विषाणूनं मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रं पुसून टाकली. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिचं कामही थांबलं. कंपनीच्या नेटवर्कमधलं कोण कोणाला ओळखतं याची मुख्य वही दीडशेच्या आसपास यंत्रांवर होती. पण ती यंत्रं एकमेकांची नक्कल करत राहणारी, त्यामुळे सगळी एकाच वेळी गेली. वाचलं एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातलं. कारण? हल्ला झाला तेव्हा तिथे लाइट गेली होती. एवढ्या एका भारनियमनावर जगातली एक प्रचंड कंपनी पुन्हा उभी राहिली. हे वाचलं तेव्हा मी खान्देशातल्या सगळ्या लोडशेडिंगला मनोमन माफ केलं. तेव्हापासून आमच्याकडे एक डिस्क अशी आहे, की जिची वायर काढून ती कपाटात ठेवलेली असते. आप्पांनी तिला लाल पुठ्ठ्याचं कव्हर घातलं आहे. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा कंपनीचंच अपडेट चुकलं, जगात ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. त्या दिवशी आप्पांनी फोन करून एवढंच विचारलं, "निळी शाई व्हती का?"

पण सर्व्हर रूमच्या दाराचा प्रश्न तसाच होता. तो सोडवला माझ्या आईनं. रावेरकडच्या आमच्या गावी एका सुट्टीत मी कुरकुर करत होतो. माणसं ऐकत नाहीत, सगळ्यांना सगळीकडे शिरायचं असतं, नाही म्हटलं तर राग येतो. आई भरताची वांगी काट्यांवर भाजत होती. म्हणाली, "आपल्या घरी केळीचा व्यापारी कुठे बसतो?"

"ओट्यावर."

"सोयरे?"

"ओसरीत."

"आणि माजघरात?"

"घरची माणसं."

"व्यापाऱ्याला कधी राग आला? ओट्यावर त्याला चहा मिळतो, पाणी मिळतं. पाणी सगळ्यांना. पण माठात हात कुणी घालतं का? डोयीनं घ्यायचं. तुझ्या बापानंसुद्धा."

जुन्या घरांच्या सगळ्याच मर्यादा चांगल्या नव्हत्या. जन्म बघून माणसाला ओट्याखाली उभं करणाऱ्या मर्यादाही त्यांत होत्या, त्या मोडल्या हे उत्तम झालं. पण ज्याचं जिथे काम तिथवर त्यानं यावं, ही मर्यादा निराळी. तिच्यात अपमान नाही. पाटकरी पाटाला हात लावतो तो मोठा म्हणून लावत नाही, ते त्याचं काम म्हणून लावतो. आणि गावचा पाटील कितीही मोठा असला तरी चारी फोडत नाही.

जळगावला आल्यावर मी नेटवर्कचे तीन भाग पाडले. गिऱ्हाइकांच्या मोबाइलला एक, कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरला दुसरा, सर्व्हरला तिसरा. नावंही तीच दिली. आता आमच्याकडे आलेला माणूस वायफाय शोधतो तर त्याच्या मोबाइलवर 'ओटा' असं नाव येतं. कुणाला राग आलेला नाही. चेअरमनसाहेबांनी मात्र मुख्य पासवर्ड मागितला. मी त्यांना फडाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे कॅशिअरबाईंना माझ्यापेक्षा जास्त दिसतं?" मी म्हटलं, "हो साहेब, त्यांना तेवढं लागतं." ते मूळचे शेतकरी. मान्य केलं.

राहता राहिली दुपारची झोप. त्यासाठी मी संस्थेकडून एक मोठा डेझर्ट कूलर मंजूर करून घेतला आणि तो मागच्या व्हरांड्यात बसवला. नाना आता तिथे झोपतात, वसुलीवाले तिथे टेकतात, मागच्या लग्नसराईत गजरेही तिथेच होते. सर्व्हर रूममध्ये मे महिन्यात एकही माणूस आला नाही. लाखाच्या फायरवॉलनं जे जमलं नव्हतं ते पाण्याच्या कूलरनं केलं.

आप्पा यंदा निवृत्त झाले. तरी रात्री नऊला त्यांचा फोन येतो. "काय व्हयनं, भाऊ?" मी म्हणतो, "काही नही, आप्पा." ते "बरं" म्हणतात आणि ठेवतात.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा जागल्या असेल. वर्षभरात काही झालं नाही म्हणून त्याची पगारवाढ अडवू नका. घरच्या राउटरवर कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तसाच असेल, तो आज बदला. आणि तुम्ही बॅकअप घेता हे मला माहीत आहे. आज रात्री तो एकदा उघडून बघा.